कॅथलॅब येईल, रात्र कोण सांभाळणार?

सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ला, कुडाळ या पट्ट्यात कुणाला अटॅक आल्याची बातमी कानावर आली की पाठोपाठ ‘बांबोळीला नेलं’ हे शब्द येतातच. गोवा मेडिकल कॉलेजचं हे रुग्णालय कागदोपत्री दुसऱ्या राज्यात आहे. पण आपलं मोठं सरकारी हॉस्पिटल कुठलं असं विचारलं, तर इथली माणसं कित्येक वर्षं त्याचंच नाव घेत आली आहेत. त्यामुळे तिथली हृदयरोगाची सोय वाढवायचा विषय निघाला की वाद दोन राज्यांचा होतो. गोव्याच्या बाजूने म्हणणं येतं, आमच्या करातून चालणाऱ्या खाटा आधी आम्हाला. सिंधुदुर्गातून म्हणणं येतं, किती दिवस दुसऱ्याच्या दारात जायचं, जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसला आमची स्वतःची कॅथलॅब, म्हणजे नळी घालून हृदयाच्या धमन्या तपासायची आणि उघडायची सोय, द्या. दोन्हीकडच्या रागाला कारण आहे. पण दोन्हीकडचे लोक खाटा, इमारती आणि यंत्रं मोजत बसले आहेत. झटका आलेला माणूस वाचतो की जातो हे ज्या गोष्टींवर ठरतं, त्या या वादात जवळपास येतच नाहीत.

माझं म्हणणं आधीच मांडतो. बांबोळीची क्षमता वाढायला हवी, आणि ती गोवा व दक्षिण कोकण या दोघांसाठी आहे असं उघडपणे सांगून वाढायला हवी. महाराष्ट्राने त्यातला आपला वाटा दरवर्षी ठरलेल्या रकमेने उचलावा. सिंधुदुर्गात पहिला पैसा खर्च व्हावा तो ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत चोवीस तास ईसीजी निघेल, तो लगेच वाचला जाईल आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथल्या तिथे दिलं जाईल या व्यवस्थेवर. ओरोसच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कॅथलॅब जरूर व्हावी, पण रात्री दोन वाजता ती चालवणारी माणसं आधी नेमून. हा क्रम उलटा झाला, तर उद्घाटन होईल आणि रात्रीची गाडी पूर्वीसारखीच गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवी नाक्याच्या दिशेने धावत राहील.

यंत्रापेक्षा वेळेवर एवढा भर का? मोठ्या झटक्यात हृदयाला रक्त पुरवणारी एखादी धमनी गुठळीने पूर्ण बंद होते आणि तिच्या पलीकडचा स्नायू मिनिटामिनिटाने मरू लागतो. ती धमनी उघडण्याचे दोन मार्ग आहेत. मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून फुग्याने अडथळा दूर करायचा आणि धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवायचा, ही प्लास्टी. दुसरा मार्ग शिरेतून गुठळी विरघळवणारं औषध देण्याचा. प्लास्टी अधिक खात्रीची, याबद्दल हृदयरोगतज्ज्ञांत मतभेद नाही. पण ती सरस ठरते ती वेळेत झाली तर. दुसऱ्या रुग्णालयात हलवून करायची असेल, तर पहिल्या वैद्यकीय संपर्कापासून दोन तासांच्या आत धमनी उघडली जावी, आणि तेवढ्या वेळात ते शक्य दिसत नसेल तर इंजेक्शन देऊन मोकळं व्हावं, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. दोडामार्गहून बांबोळी तासाभरात गाठता येते. देवगड किंवा वैभववाडीहून अडीच-तीन तास सहज जातात, आणि कोल्हापूरकडे वळावं तर मध्ये घाट, तोही पावसाळ्यात कधी दरडीने बंद. म्हणजे अर्ध्या जिल्ह्यासाठी उत्तम उपचाराची वेळ रुग्ण गाडीत असतानाच उलटून जाते. बांबोळीत आणखी दोन कॅथलॅब उभ्या केल्या, तरी देवगडच्या माणसाला त्या मुदतीत तिथे पोहोचता येणार नाही.

इंजेक्शनचा मार्ग हा गरिबांसाठी काढलेला दुय्यम तोडगा आहे, असा एक समज सुशिक्षितांतही दिसतो. त्याचा इतिहास वेगळंच सांगतो. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या, इटलीतल्या ११,८०६ रुग्णांच्या गिस्सी नावाच्या अभ्यासात स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळवणारं औषध मिळालेल्यांत मृत्यूचं प्रमाण १३ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर आलं, आणि त्रास सुरू झाल्यापासून पहिल्या तासात ते मिळालेल्यांत मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. दोन वर्षांनी इसिस-२ या सतरा हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासाने दाखवून दिलं की नुसत्या अ‍ॅस्पिरिननेही मृत्यू जवळपास पावपट कमी होतात. अ‍ॅस्पिरिनची गोळी आपल्या कुठल्याही उपकेंद्रात असू शकते. पुढे २०१३ साली स्ट्रीम नावाच्या अभ्यासात, ज्यांना तासाभरात प्लास्टी मिळणं शक्य नव्हतं अशा १,८९२ रुग्णांमध्ये आधी टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आणि मग अँजिओग्राफी, म्हणजे नळीतून धमन्यांची तपासणी, हा क्रम थेट प्लास्टीच्या तोडीचा ठरला. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका इंजेक्शनच्या बाजूला थोडा अधिक होता. शंभरात एकाच्या आसपास. वयस्कर रुग्णांसाठी मात्रा निम्मी केल्यावर तोही उतरला. पण त्याच अभ्यासातली दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे: इंजेक्शन दिलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश रुग्णांना तातडीची अँजिओग्राफी लागली, कारण औषधाने धमनी नीट उघडली नाही. म्हणून इंजेक्शन दिलेल्या रुग्णालाही लगेच पुढे न्यावंच लागतं. तालुक्याचं रुग्णालय आणि बांबोळी यांत निवड करायचीच नाही. एकाशिवाय दुसऱ्याचं काम अर्धवट राहतं.

हे सगळं कागदावर ठीक, आपल्या व्यवस्थेत जमणार आहे का, असा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्त आहे. उत्तर शेजारीच आहे. गोव्याने डिसेंबर २०१८ मध्ये नेमकी हीच साखळी सुरू केली. बांबोळी केंद्रस्थानी, म्हापशाचं आझिलो, मडगावचं हॉस्पिसियो आणि इतर सरकारी रुग्णालयं भोवती. तिथे ईसीजी काढायचा, तो दुरून तज्ज्ञाने वाचायचा, झटका पक्का असेल तर इंजेक्शन मोफत द्यायचं आणि रुग्णाला बांबोळीला हलवायचं. तामिळनाडूत त्याआधी हा प्रयोग चार समूहांत, ३५ रुग्णालयांत झाला होता आणि त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले: २,४२० रुग्णांच्या त्या अभ्यासात एका वर्षातलं मृत्यूचं प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आलं. त्यात कुठलंही नवं औषध नव्हतं. असलेली रुग्णालयं आणि असलेल्या रुग्णवाहिका एकमेकांना जोडल्या, एवढंच. कर्नाटकने बंगळुरूच्या जयदेव या सरकारी हृदयरोग संस्थेला मध्यभागी ठेवून तशीच योजना आखली आणि महाराष्ट्रानेही काही जिल्ह्यांत असा कार्यक्रम हाती घेतला. मग गोव्याची साखळी पत्रादेवीला का थांबावी? गोव्यातल्या पेडण्याच्या रुग्णाला जो मार्ग खुला आहे, तो नदीच्या पलीकडच्या, सिंधुदुर्गातल्या सातार्ड्याच्या रुग्णाला का नसावा? दोघांचीही गाडी शेवटी त्याच दारात लागते. फरक एवढाच की एकाचा ईसीजी त्याच्याआधी पोहोचलेला असतो आणि दुसरा कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर आल्यावर पहिल्यापासून सुरुवात होते.

आता विरुद्ध बाजूच्या सर्वांत भक्कम मुद्द्याकडे येतो, आणि तो गोव्याचा आहे. बांबोळीचा खर्च गोव्याचा करदाता करतो. गोव्यातल्याच काणकोणच्या म्हातारीला अँजिओग्राफीची तारीख उशिराची मिळते आणि तेवढ्यात सीमेपलीकडचा रुग्ण तातडीच्या दारातून आत जातो, हे तिच्या मुलाला खुपणारच. जानेवारी २०१८ पासून परराज्यातल्या रुग्णांकडून तिथे शुल्क घ्यायला सुरुवात झाली, तेव्हा दोडामार्गला लोक रस्त्यावर आले. त्या आंदोलनात सामील असलेल्यांचं दुःख खरं होतं. पण गोव्याच्या त्या निर्णयामागे निव्वळ दुष्टपणा होता असं म्हणणाऱ्यांनी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं: महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्याने आपल्या एका जिल्ह्याच्या गंभीर रुग्णांचा भार पंधरा लाख लोकवस्तीच्या राज्यावर किती वर्षं फुकट टाकायचा? २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती आणि सिंधुदुर्गाची ८,४९,६५१. म्हणजे सिंधुदुर्ग हा बांबोळीच्या दृष्टीने किरकोळ पाहुणा नाही. गोव्याच्या निम्म्याहून मोठी वस्ती आहे. तेवढ्या वस्तीचा विचार न करता आखलेली क्षमता कायम अपुरीच पडणार, आणि ती अपुरी पडली की त्रास काणकोणच्या म्हातारीलाच होणार. बाहेरच्यांना रोखल्याने तिची रांग कमी होईल असं मानणाऱ्यांनी तातडीच्या रुग्णाचं काय करायचं तेही सांगावं. छातीत कळ घेऊन दारात आलेल्याला आधार कार्डावरचा पत्ता बघून परत पाठवायचं? तसं करायला कुठल्याही रुग्णालयाला मुभा नाही. रेल्वेतून पडून जखमी झालेल्या एका मजुराला कोलकात्यात एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवलं, त्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की तातडीचा उपचार नाकारणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब राज्याला देता येणार नाही. त्याच निकालात न्यायालयाने असंही सांगितलं होतं की रुग्णाला जिथे खाट आहे तिथेच थेट पाठवता यावं म्हणून मध्यवर्ती संपर्क यंत्रणा उभी करावी. आज आपण ज्या साखळीबद्दल बोलतो आहोत, तिचा गाभा त्या निकालात आहे.

तेव्हा दाराशी अडवणं हा मार्ग नाही, आणि फुकट वापरणंही न्याय्य नाही. उरतो पैशाचा प्रश्न, आणि तिथे एक चूक वारंवार होते. दर रुग्णामागे विमा योजनेतून पॅकेजची रक्कम चुकती केली की महाराष्ट्राचं कर्तव्य संपलं, असं समजलं जातं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मोलाची आहे. स्टेंटच्या किमतींवर फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा आली, औषधयुक्त स्टेंट २९,६०० रुपयांवर आला, आणि अशा योजनांमुळे ज्यांनी प्लास्टीचं नावही काढलं नसतं त्यांच्या धमन्या उघडल्या. पण पॅकेज झालेल्या प्लास्टीचे पैसे देतं. रात्रभर जागून वाट पाहणाऱ्या तंत्रज्ञाचे, मोकळ्या ठेवलेल्या खाटेचे, कोणीही न आलेल्या रात्रीचे पैसे त्यातून निघत नाहीत. अग्निशामक दलाला किती आगी विझवल्या यावर पगार द्यायचं ठरवलं, तर आग लागण्याआधीच दल मोडून पडेल. हृदयाच्या तातडीच्या सेवेचं तसंच आहे, सज्ज राहणं हाच तिचा मोठा खर्च आहे. म्हणून महाराष्ट्राने गोव्याला द्यायचं ते क्षमतेसाठी: इतक्या अतिदक्षता खाटा, इतक्या डॉक्टरांचे आणि परिचारिकांचे पगार, इतका औषधसाठा, वर्षाच्या सुरुवातीला. त्या बदल्यात सिंधुदुर्गाचा रुग्ण उपकार म्हणून आत येणार नाही. दोन्ही राज्यांच्या विधानसभांत हा करार मांडला जावा, म्हणजे सरकार बदललं की विसरला जाणार नाही.

सीमा ओलांडून जाणाऱ्या रुग्णांनी या भागातलं वैद्यक घडवलं आहे, हेही विसरू नये. पोर्तुगीजांनी १८४२ साली पणजीत वैद्यकीय शाळा काढली, बांबोळीचं आजचं महाविद्यालय तिचाच वारस. तिथे शिकलेले गोमंतकीय डॉक्टर पोर्तुगीज आफ्रिकेपर्यंत जाऊन काम करत होते. मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिशनचं रुग्णालय उघडलं, तेव्हा मिरज हे संस्थान होतं. भोवती ब्रिटिश मुलूख, घाटाखाली पोर्तुगीजांचा. रेल्वेने, बैलगाडीने रुग्ण तिथे येत राहिले. गोव्यातली कुटुंबंसुद्धा पिढ्यानपिढ्या मिरजेला, बेळगावला, मुंबईला उपचारांसाठी जात होती. मिरजेची ख्याती एका कुशल सर्जनमुळे सुरू झाली खरी, पण ती टिकली याचं कारण रुग्णालयापाठोपाठ तिथे परिचारिका घडवणारं आणि पुढे डॉक्टर शिकवणारं शिक्षण उभं राहिलं. आज प्रादेशिक रुग्णालयांची क्षमता वाढवण्याच्या घोषणांत हा भाग सर्वांत कमी ऐकू येतो.

सिंधुदुर्गाच्या बाजूचा मुद्दा स्वाभिमानाचा आहे, आणि मला तो पटतो. ५,२०७ चौरस किलोमीटरचा हा जिल्हा क्षेत्रफळाने गोव्याहून मोठा आहे. दर निवडणुकीत मल्टिस्पेशालिटीचं आश्वासन ऐकायचं आणि दर अटॅकला दुसऱ्या राज्यात धावायचं, हे किती काळ चालवून घ्यायचं? वैद्यकीय महाविद्यालय आता झालं आहे, मग कॅथलॅब का नको? हवीच आहे. पण आठवड्याचे तास १६८. सोमवार ते शनिवार सकाळी नऊ ते पाच चालणारी कॅथलॅब त्यातले ४८ तास उघडी राहते. उरलेल्या १२० तासांत, म्हणजे आठवड्याच्या सत्तर टक्क्यांहून अधिक काळात ती बंद. झटके सर्वांत जास्त येतात ते पहाटे आणि सकाळच्या वेळात, हे वैद्यकशास्त्राला कधीपासून माहीत आहे. मग अशी कॅथलॅब कुणासाठी? आगाऊ तारीख घेऊन येणाऱ्या स्थिर रुग्णांसाठी. तीही गरज आहेच, मुंबईच्या फेऱ्या वाचतील, पण ‘आता बांबोळीला जावं लागणार नाही’ असं सांगून ती उघडली, तर लोकांची फसवणूक होईल. किंबहुना धोका वाढेल. रात्रीचा रुग्ण ‘आपल्याकडे आता कॅथलॅब आहे’ म्हणून ओरोसला नेला जाईल आणि तिथून पुन्हा गोव्याला. मधला तास-दीड तास त्याच्या हृदयाच्या स्नायूतून वजा होईल.

चोवीस तास चालवायची तर एका डॉक्टरने भागत नाही. चौथ्या-पाचव्या रात्री एकदा जागायचं म्हटलं, तरी प्लास्टी करणारे चार-पाच हृदयरोगतज्ज्ञ लागतात, त्यांच्याबरोबर तंत्रज्ञ, प्रशिक्षित परिचारिका, भूलतज्ज्ञ. आणि हात चालता राहायला काम लागतं: अमेरिकेतल्या हृदयरोग संघटना एका केंद्राने वर्षाला किमान २०० आणि एका डॉक्टरने ५० प्लास्टी कराव्यात असं सांगतात, कारण काम कमी असलेल्या ठिकाणी चुका वाढतात. साडेआठ लाखांच्या जिल्ह्यात ही संख्या गाठणं अशक्य नाही, पण त्यासाठी रुग्णांचा विश्वास आणि दिवसरात्र चालणारी सेवा हवी. एकच तज्ज्ञ नेमला तर काय होतं ते महाराष्ट्रातल्या कितीतरी जिल्हा रुग्णालयांनी पाहिलंय. तो एकटा पडतो, रजा घेऊ शकत नाही, गुंतागुंत झाली तर सल्ला विचारायला शेजारी कोणी नसतं, आणि वर्ष-दोन वर्षांत जातो. कोकणात डॉक्टर टिकत नाहीत म्हणून त्यांना दोष देणं सोपं आहे. एकट्याला टिकता येईल अशी जागाच आपण कधी निर्माण केली नाही. यावर उपाय आहे: ओरोसचं हृदयरोग युनिट पहिल्या दिवसापासून बांबोळीशी जोडायचं. डॉक्टरांची अदलाबदल, सामाईक रात्रपाळी, अवघड केसेसवर रोजची एकत्र चर्चा, परिचारिकांचं आणि तंत्रज्ञांचं प्रशिक्षण तिकडे. जयदेव संस्थेने बंगळुरूबाहेर म्हैसूर आणि कलबुर्गीला काम उभं केलं ते एकाच संस्थेच्या छत्राखाली. कलबुर्गीचा डॉक्टर तिथे एकटा सरकारी नोकर म्हणून जात नाही, मागे मोठी संस्था घेऊन जातो. दोन राज्यांत असं जमवणं प्रशासकीयदृष्ट्या कटकटीचं आहे, हे मान्य. पण तिळारी धरणाचं पाणी दोन राज्यांनी करार करून वाटून घेतलंच ना?

आणखी एक आक्षेप आहे. तो घेणारे बहुधा सार्वजनिक आरोग्यात आयुष्य घातलेले लोक असतात, म्हणून तो नीट ऐकायला हवा. ते म्हणतात, हा सगळा पैसा उशिराचा. तंबाखू, मीठ, रक्तदाब, मधुमेह यांवर तेवढाच खर्च केला तर कितीतरी अधिक जीव वाचतील. आकडे त्यांच्या बाजूने आहेत: २०१६ मध्ये भारतातल्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे २८ टक्के हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांमुळे झाले, आणि त्या आजारांमागे बहुतांशी हीच कारणं आहेत. सिंधुदुर्ग तर रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमातल्या पहिल्या टप्प्यातल्या जिल्ह्यांपैकी एक होता. आरोग्य केंद्रात बीपी मोजायचं, साधी ठरलेली औषधं महिनाभराची द्यायची, न येणाऱ्याला शोधायचं. हे काम इथे झालेलं आहे आणि ते वाढायलाच हवं. पण रक्तदाबाच्या गोळीचं फळ काही वर्षांनी दिसतं. आज साठीत असलेल्या, तीस वर्षं तंबाखू खाल्लेल्या माणसाला आपण काय सांगणार? शिवाय ही दोन कामं एकमेकांच्या वाट्याचा पैसा खातात असं गृहीत का धरायचं? ईसीजी काढता येणारी परिचारिका, औषधाचा न तुटणारा साठा, रुग्णाची नोंद ठेवणारी यंत्रणा, वेळेवर येणारी गाडी, हे प्रतिबंधालाही लागतं आणि तातडीलाही. तालुक्यात जे उभं राहील ते दोन्हींना उपयोगी पडेल. प्रतिबंधवाल्यांचा खरा विरोध ओरोसच्या काचेच्या इमारतीला असायला हवा, शिरोड्याच्या ईसीजीला नाही.

या जिल्ह्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे जी मुंबईत बसून आखणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. २००१ ते २०११ या काळात सिंधुदुर्गाची लोकसंख्या वाढली नाही, घटली; ८,६८,८२५ वरून साडेआठ लाखांच्या खाली आली. मुलं मुंबई-पुण्याला, गोव्याला. वाडीत राहिले आईवडील. रात्री कळ आली तर गाडी काढणारं घरात कुणी नसतं. शेजाऱ्याला उठवायचं, रिक्षावाल्याला फोन लावायचा. त्यात गॅस झाला असेल म्हणून सोडा पिऊन वाट बघण्यात तासभर गेलेला असतो. बायकांच्या बाबतीत तर कधी कधी छातीत कळ येण्याऐवजी दम लागतो, घाम फुटतो, मळमळतं, आणि अटॅकचा संशयच उशिरा येतो. देशातल्या ५० शहरांमधल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांचा क्रिएट नावाचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात मोठा झटका आलेल्या रुग्णांना त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचायला लागलेल्या वेळेचा मध्यक होता ३६० मिनिटं, म्हणजे निम्म्या रुग्णांना तेवढा किंवा त्याहून अधिक वेळ लागला. सहा तास, तेही शहरांत. रुग्णवाहिकेने आलेले जेमतेम ५ टक्के. गरीब रुग्णांत महिन्याभरातले मृत्यू ८.२ टक्के, सधनांत ५.५ टक्के, आणि दोघांना मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात धरल्यावर ही तफावत उरली नाही. मृत्यूतलं अंतर उपचारांतल्या अंतरातून आलं होतं. हे वाचल्यावर कॅथलॅब किती, हा प्रश्न मला पहिला वाटत नाही. १०८ ची गाडी किती मिनिटांत येते, तिच्यात ईसीजी काढला जातो का, आणि गाडीतला डॉक्टर सरळ कुठे जायचं हे कुणाला विचारतो, हे पहिले प्रश्न आहेत. फ्रँक पँट्रिज यांनी १९६६ साली बेलफास्टमध्ये विद्युत झटका देणारं यंत्र गाडीत घालून रुग्णाच्या घरी नेलं, तेव्हा रुग्णालयाबाहेर असला उपचार होऊ शकतो यावर सहकाऱ्यांचा विश्वास नव्हता. आज जगभर ते गृहीत धरलं जातं.

इंजेक्शन तालुक्यात देण्याला जिल्ह्यातल्या डॉक्टरांची भीती आहे, हेही खरं. रक्तस्राव झाला, रुग्ण दगावला, तर नातेवाईक कुणाला धरणार? ड्युटीवरच्या तरुण एमबीबीएसलाच. म्हणून तो इंजेक्शन न देता रेफर करतो. त्याला भित्रा म्हणण्यात अर्थ नाही, कारण रेफर केलेला रुग्ण वाटेत गेला तर कुणी जाब विचारत नाही आणि इंजेक्शन देऊन गेला तर मात्र सगळे विचारतात. असाच पेच साठच्या दशकात हृदयाचे अतिदक्षता विभाग सुरू झाले तेव्हा आला होता. मॉनिटर होते, झटका देण्याचं यंत्र होतं, तरी डॉक्टर धावत येईपर्यंत रुग्ण दगावत, कारण यंत्र वापरायची मुभा फक्त डॉक्टरला. शिकवलेल्या परिचारिकेला ते स्वतःहून वापरण्याचा अधिकार दिला गेला, तेव्हा त्या विभागांचा खरा उपयोग सुरू झाला आणि रुग्णालयातले मृत्यू निम्म्यावर येऊ लागले. आपल्याकडेही तोच निर्णय हवा आहे: ईसीजी वाचून बांबोळीच्या तज्ज्ञाने ‘द्या’ म्हटलं की त्या आदेशाची नोंद राहील, जबाबदारी साखळीची असेल आणि त्यानुसार इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरच्या पाठीशी शासन लेखी उभं राहील. एवढं परिपत्रक काढायला पैसे लागत नाहीत.

माझी मागणी म्हणूनच अर्थसंकल्पातल्या कोटींच्या आकड्यावर थांबत नाही. दोन्ही राज्यांनी दर महिन्याला, प्रत्येक रुग्णालयाच्या नावासकट, चार गोष्टी जाहीर कराव्यात: झटक्याचे किती रुग्ण आले, दारात आल्यापासून ईसीजी किती मिनिटांत निघाला, इंजेक्शन किती मिनिटांत मिळालं, आणि बांबोळीला पोहोचल्यावर धमनी केव्हा उघडली. रात्रीचे आणि रविवारचे आकडे वेगळे दाखवावेत. सुरुवातीला ते वाईट येतील, काही तालुक्यांचे फारच वाईट, आणि विरोधी पक्ष त्यांवरून सरकारला झोडपतील. तरीही ते बाहेर यायला हवेत, कारण वैभववाडीचा ईसीजी चाळीस मिनिटांनी निघतो हे छापून आल्याशिवाय तिथे रात्रपाळीचा तंत्रज्ञ नेमला जाणार नाही, आणि सिंधुदुर्गाचे नेमके किती रुग्ण कोणत्या वेळी बांबोळीत येतात हे ठाऊक झाल्याशिवाय महाराष्ट्राने गोव्याला किती द्यायचं यावर दोन्ही अर्थखात्यांचं कधीच एकमत होणार नाही.